भिजवलेला दोर

दोर मी भिजवला होता. एवढे चार शब्द बोलायला मला आठ वर्षं लागली आणि ज्याच्यासमोर बोलायला हवे होते, त्याच्यासमोर ते बोललोच नाही. माझा स्वभाव तापट. चूक दुसऱ्याची असली की मी अख्खं गाव गोळा करतो, स्वतःची असली की माझी वाचा बसते. घरातली माणसं यावरून मला चिडवतात आणि मीही त्यांच्यासोबत हसतो. त्यांना त्या हिवाळ्याचं काही ठाऊक नाही.

आमची शेती आसेगावला. विहिरीवर मोट होती आणि मोटेचा नाडा, म्हणजे ओढायचा दोर, घरच्या अंबाडीचा असायचा. नवा दोर कोरडा वापरायचा नाही, हा आमच्या घरचा नियम. अंबाडीचा कोरडा दोर अंगानं ताठ असतो, पीळ उलगडतो, गाठ नीट बसत नाही. रात्रभर हौदात पडला की तो मऊ होतो आणि त्यावर मारलेली गाठ हत्तीनं ओढली तरी सुटत नाही, असं माझे वडील म्हणायचे. आमच्या भागात हत्ती कुणी पाहिला होता, देव जाणे. पण मोट भरून वर यायची, बैल धावेच्या उतारावरून मागे सरकायचे आणि गाठ जागच्या जागी असायची. लहानपणापासून दोर भिजवायचं काम माझ्याकडे होतं आणि त्याचा मला फार अभिमान होता.

मंगरूळच्या शाळेत आम्ही तिघं एका बाकावर बसत असू. एक मी, दुसरा पिंजाऱ्याचा मुलगा आणि तिसरा मास्तरांचा मुलगा, जो पुढे जंगलखात्यात कारकून झाला. तिघांनाही चढण्याचं वेड. आसपासच्या सगळ्या विहिरींत आम्ही दोरानं उतरलो होतो आणि कपारीत बोटं रोवून वर आलो होतो. टेकड्या, कडे, पडके बुरूज, काही सोडलं नव्हतं. दोर नेहमी माझा असे आणि गाठ नेहमी पिंजाऱ्याच्या पोराची. त्याचं कारण होतं. कापूस पिंजायच्या धुनकीवर आतड्याची तात बांधावी लागते. ती गाठ जरा ढिली असली तर तात सुटून तोंडावर बसते. त्याच्या वडिलांनी, आम्ही त्यांना चाचा म्हणत असू, पोराला सातव्या वर्षी ती गाठ शिकवली होती.

मला त्यांच्या दुकानात बसायला आवडायचं. कापसाचे तंतू डोक्यावर बसून बाप-लेक दोघंही पांढरे झालेले असायचे. गिऱ्हाईक रजईसाठी कापूस घेऊन आलं की माझा मित्र चिमूटभर उचलून अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळायचा. "ओला हाय हा. दोन दिस उन्हात टाक अन् मंग आन." गिऱ्हाईक भांडायचं, कापूस आडोशालाच होता म्हणायचं. तो ऐकायचा नाही. चाचा कौतुक लपवायला मान खाली घालून धुनकी वाजवत राहायचे.

कारकून झालेल्या मित्राची बदली पार हिमालयाच्या बाजूला झाली. काठगोदामला आगगाडी संपते आणि तिथून पुढे दोन दिवस चालल्यावर त्याची चौकी. त्यानं पत्र लिहिलं, की पौषात इकडे धबधबा गोठतो, पाणी उभ्यानं थांबतं आणि कुऱ्हाडीनं पायऱ्या खोदून त्यावर चढता येतं. पत्र मी चार-पाच जणांना वाचून दाखवलं. सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. मी मात्र त्याच दिवशी ठरवलं, की हे पाणी आपण चढायचं. ही गोष्ट जर्मनीशी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची.

अडचण चाचांची होती. पिंजाऱ्याचा धंदा म्हणजे हिवाळा. दिवाळीपासून रजया, गाद्या, मग लग्नसराईचे रुखवत. ऐन पौषात जवान पोरगा महिनाभर कोण सोडणार? माझा मित्र स्वतः विचारायला घाबरत होता. "तू बोल," तो म्हणाला, "तुह्यं ऐकतीन." मी गेलो. चाचांनी धुनकी थांबवली आणि सगळं ऐकून घेतलं.

"बर्फावर चढाले कायले पाह्यजे? इथं का कमी गड्डे हायेत पडाले?"

"चाचा, मी हाय ना संगं. दोर माह्या घरचा हाय."

त्यांनी धुनकीवरची तात बोटानं ताणून पाहिली. मग म्हणाले, "दोर तुझा असू दे बेटा. पन गाठ यानंच मारायची. माह्यं पोरगं दुसऱ्याच्या गाठीवर नाई लटकायचं." मी हो म्हणालो. मित्राचा चेहरा असा उजळला, की मला आजही तो तसाच दिसतो. मी त्याला त्या दुकानातून बाहेर काढलं, हेही मला तितकंच दिसतं.

तयारीत महिना गेला. त्यानं तिघांसाठी तीन जाड बंड्या शिवल्या, आत बोटभर कापूस. कारंज्याच्या एका चांभारानं आमच्या जोड्यांच्या तळव्यांना खिळे ठोकले आणि हे कशासाठी म्हणून विचारलं. पाण्यावर चढायला, असं मी सांगितल्यावर त्यानं हातोडी खाली ठेवून आधी पैसे मागितले. मी नवा दोर वळला, चाळीस हात लांब. कारंज्याहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या छोट्या गाडीत तो माझ्या खांद्यावर होता. डब्यातल्या प्रत्येकाला वाटलं, आम्ही कुठंतरी विहीर खोदायला निघालो आहोत. एका म्हाताऱ्यानं तर पाणी किती हातावर लागलं, तेसुद्धा विचारलं. माझ्या मित्रानं गंभीरपणे सांगितलं, "पानी वरतंच हाय बाबा. आमीच खालतं हावो." असा तो होता. अख्ख्या प्रवासात त्यानं आम्हाला हसवत नेलं.

चौकीवर पोचलो तेव्हा थंडीनं बोलणं सुचत नव्हतं. भाकरी दगड झाली होती आणि ठेचासुद्धा तिखट लागेना. कारकून मित्रानं गावातला एक लाकूडतोड्या म्हातारा सोबतीला ठरवला होता. तो त्या धबधब्याच्या वरच्या जंगलात हिवाळाभर जायचा आणि त्याला पायऱ्या खोदण्याची सवय होती. त्याचा स्वतःचा दोर बकरीच्या केसांचा, काळा, बारीक. माझा दोर पाहून त्यानं हातात घेतला, वजन केलं आणि म्हणाला, "रस्सी चूल्हे के पास रखना, बाबू. सूखी रहे."

मला राग आला. एवढ्या दुरून आणलेला घरचा दोर, आणि हा मला दोर शिकवतो! आमच्याकडे दोर भिजवतात, असं मी त्याला फणकाऱ्यानं सांगितलं. त्यानं खांदे उडवले. बहुधा त्याला माझी हिंदी कळली नसावी. संध्याकाळी चौकीमागच्या बादलीत मी दोर बुडवला, चांगला मुरू दिला, पिळला आणि बाहेर खुंटीला टांगला. बाकी दोघं आत चुलीपाशी बसले होते. त्यांना सांगण्यासारखं त्यात काही होतं असं मला वाटलंच नाही. घरी तरी मी कधी सांगत होतो?

सकाळी दोर खुंटीवरून काढला तर त्याचं वेटोळं तसंच्या तसं राहिलं, लाकडाचं असावं तसं. मी चरकलो. पण चूक झाली असं तोंडातून निघायला माझी जीभ आडवी येते. मी तो चौकीमागच्या दगडावर आपटला, वाकवला, त्यातून बर्फाचे कण उडाले, आणि जरा नरम झाल्यावर खांद्यावर टाकून पुढे निघालो. चालताना अंगाच्या ऊबेनं सैल होईल, असं स्वतःला सांगितलं.

तो धबधबा मी कधीच विसरणार नाही. चार मजली घराएवढा, निळसर, आणि अगदी गप्प. पाण्याचा आवाज नसलेलं पाणी मी प्रथमच पाहत होतो. म्हातारा कुऱ्हाडीनं पायऱ्या खोदत वर गेला आणि वरच्या झाडाला आपला दोर बांधून खाली सोडला. त्यावर कारकून मित्र गेला. मग दोर पुन्हा खाली आला. तो मी बाजूला सारला.

"आपला कायले आनला मंग?" मी म्हणालो. काळ्या दोराच्या टोकाला आमचा दोर बांधून मी तो वर ओढून घ्यायला लावला. त्यांनी वरचं टोक झाडाला गुंडाळलं. खालचं टोक पिंजारी मित्रानं हातमोजे न काढताच माझ्या कमरेला बांधलं. गाठ बसत नव्हती. त्यानं दोन वेळा सोडून पुन्हा मारली, मग दगडानं ठोकून बसवली. मी चढलो. माझा पाय एकदाही सुटला नाही, म्हणजे त्या गाठीवर माझं वजन एकदाही पडलं नाही. वर पोचल्यावर मला वाटलं, पाहा, काही झालं नाही. कमरेचं टोक सोडून मी खाली टाकलं.

त्यानं दोर उचलला. हातमोजा काढून अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, उंची बघून घाबरला.

"ये ना बे!" मी वरून ओरडलो. "काहून भिऊन राह्यला?"

त्यानं मोजा पुन्हा चढवला, दोर कमरेला बांधला आणि चढायला लागला.

अर्ध्याच्या वर आला होता. मला त्याच्या डोक्यावरची टोपी आणि ओठ दिसत होते. तो काहीतरी गुणगुणत होता. मग खिळ्यांच्या जोड्यातला पाय घसरला, दोर एकदा ताणला गेला आणि माझ्या डोळ्यांदेखत गाठ उलगडली. ती तुटली नाही, झटका बसला नाही. ताठ दोर होता तसा सरळ झाला, एवढंच. तो बर्फावरून घसरत खाली गेला. खाली भुसभुशीत बर्फ होता म्हणून वाचला, पण पायथ्याच्या डबक्यावरचा पातळ थर त्याच्या हातांनी फुटला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात गेले.

पायऱ्यांवरून उतरायला आम्हाला फार वेळ लागला. वारा सुटला होता. त्याचे हातमोजे कडक झाले होते. म्हाताऱ्यानं ते कापून काढले आणि त्याचे हात आपल्या कपड्यांत, थेट छातीशी धरले. बोटं पांढरी होती. माझा मित्र आम्हाला सांगत होता, की दुखत नाही, काहीच दुखत नाही. तेव्हा आम्हाला ती चांगली खूण वाटली.

कारकून मित्र घाबरून बोलत सुटला होता. "गाठ सुटली. गाठ कशी काय सुटली बे? तूच मारली होती ना?"

पिंजारी मित्रानं माझ्याकडे पाहिलं. पुरता एक श्वास घेण्याइतका वेळ पाहिलं. मी जोड्याला चिकटलेला बर्फ काढत होतो.

"हो," तो म्हणाला, "माह्यीच."

निघताना म्हाताऱ्यानं माझा दोर गुंडाळला, हातानं दाबला आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "गीली थी." मी दोर त्याला देऊन टाकला. नको म्हणाला. मग तो तिथंच पडू दिला.

खालच्या शहरातल्या दवाखान्यात उजव्या हाताची चार बोटं काढावी लागली, डाव्याची दोन. परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसून होता आणि लोक विचारत होते, त्यांना सांगत होता, की बर्फानं खाल्ली. मीच त्याला घास भरवत होतो. तेव्हा बोलता आलं असतं. रात्री डबा रिकामा झाला की आम्ही दोघंच असायचो, तासन्‌तास. प्रत्येक स्टेशनला मी ठरवायचो, की पुढचं स्टेशन आलं की सांगतो.

कारंज्याला चाचा बैलांची दमणी घेऊन आले होते; गाठ सुटून पडल्याचं कारकून मित्रानं पत्रानं कळवलं होतं. त्यांनी पोराच्या हातांवरचं फडकं पाहिलं. रडले नाहीत, ओरडले नाहीत. एकच विचारलं.

"गाठ कोनाची होती?"

"माह्यी, अब्बा."

मी शेजारी त्याचं गाठोडं घेऊन उभा होतो. चाचांनी ते माझ्या हातून घेतलं. त्याची गाठ नीट पाहिली, सोडली आणि स्वतः पुन्हा बांधली. मग आम्ही दमणीत बसलो.

धुनकी त्याच्या धाकट्या भावाकडे गेली. बोटंच नव्हती, तर ती जाणारच होती. पण उरलेल्या बोटांनी तो गठ्ठे बांधू शकत होता, रजईला टाके घालू शकत होता. चाचा त्याला ते करू देत नसत. त्यानं बांधलेला गठ्ठा ते न बोलता सोडून पुन्हा बांधत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, एकदा नाही, दर वेळी. बाजारात लोकांना तर विषयच मिळाला. रजई घेताना एखादा हमखास म्हणायचा, "टाके पक्के हायेत ना? का बर्फातल्या गाठीवानी?" तोही हसायचा. मी तिथं असलो तर मीसुद्धा हसायचो. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

मी दर सुगीला त्यांच्याकडे ज्वारीचं पोतं नेऊन टाकायचो. चाचा म्हणायचे, "दोस्त असावा तर असा." त्यांना मी आवडायचो. पोरगं लुळं झाल्यावरही यानं सोडलं नाही, असं ते चार लोकांत सांगायचे, आणि मी खाली मान घालून चहा प्यायचो. सांगायचं का नाही, याची कारणं माझ्याजवळ भरपूर होती. आता सांगून बोटं थोडीच येणार? म्हातारा माणूस, उगाच धसका घेईल. माझ्या वडिलांना काय वाटेल? पोतं पाठीवरून उतरवलं की त्या वर्षापुरती टोचणी कमी व्हायची आणि मी मोकळ्या मनानं घरी जायचो.

अशी आठ वर्षं गेली. लढाई संपत आली होती, कापड कंट्रोलवर मिळत होतं, रजयांचं काम निम्म्यावर आलं होतं. एका संध्याकाळी मंगरूळहून येणाऱ्या एका माणसाजवळ माझ्या मित्रानं निरोप पाठवला. चाचा अंथरुणाला खिळले आहेत, तुझी आठवण काढतात, लवकर ये. दुसरं काही नाही.

मी त्या माणसाला म्हणालो, "रिसोडचा बाजार करून येतो म्हणून सांग." रिसोडकडे एक बैल पाहून ठेवला होता, माझ्या तांबड्या बैलाला अगदी जोड मिळणारा. बाजार चुकला तर तो हातचा जाणार होता. चाचा आठ दिवसांत काही जात नाहीत, असा मी हिशेब केला. आणि खरं सांगायचं तर, या वेळी सांगूनच टाकायचं असं मनात आलं होतं, म्हणूनही पाय जड झाला होता. बैल हे बरं निमित्त होतं.

बैल मिळाला. चौथ्या दिवशी मंगरूळला पोचलो तेव्हा दुकान बंद होतं आणि दारात चपला होत्या. आदल्या दिवशीच माती दिली होती.

माझा मित्र आतल्या खोलीत कापसाच्या ढिगापाशी बसला होता. भिंतीवर धुनकी टांगलेली होती. लोक उठून गेल्यावर मी त्याच्यासमोर बसलो आणि काही प्रस्तावना न करता बोललो. दोर मी भिजवला होता. आदल्या संध्याकाळी, बादलीत. तुझी गाठ पक्की होती.

तो चकित होईल, चिडेल, मला हाकलून देईल, या सगळ्याची मी तयारी करून आलो होतो.

"मले ठाव हाय," तो म्हणाला.

"कवापासून?"

"हात लावला तवापासून. पिंजाऱ्याले ओलं-कोरडं समजत नाई का?"

"मंग चढला कायले?"

"तू चढून गेला होता ना त्याच्यावर. वरून हाका मारून राह्यला होता, भेते का म्हनून. त्या पहाड्यासमोर म्या काय सांगू, माह्या दोस्तानं दोर भिजवला?" त्यानं कापसाची चिमूट उचलली आणि उरलेल्या अंगठ्यानं तळहातावर चोळली. "बोटाचं काई नाई. बोटं गेली तं गेली. तू म्हनशीन एक दिस, म्हनून म्या वाट पाह्यली."

मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्यानं मला धरून सरळ बसवलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला फार बरं झालं असतं.

"चार दिसाआधी अब्बानं मले जवळ बसवलं," तो म्हणाला. "म्हने, बेटा, तुह्यी गाठ म्या शिकवली होती. तेव्हढी येक गोष्ट मले समजली नाई. कशी सुटली? म्या म्हनलं, अब्बा, तो येते. तो सांगते तुमाले. म्हनून तुले निरोप धाडला."

बाहेर कुणीतरी चपला शोधत होतं.

"मंग रोज इचारे, आला का? म्या म्हने, निघाला असन. आखरी दिवशी सकाळी बी इचारलं. दाराकडे तोंड करून निजवा म्हने मले."

त्या सकाळी मी रिसोडच्या बाजारात उभा होतो आणि बैलाचं तोंड उघडून त्याचे दात मोजत होतो.